चंची घावली, गाठ तशीच

५ जानेवारी
पानाची चंची हरवली. पदराला गाठ मारली. वस्तू घावेपर्यंत सोडायची नाही, ही आमच्याकडची रीत. मी सांगते, नात सुप्रिया लिहिते. माझ्या बोलण्याला इस्त्री करते. "आजे, हाय नाही, आहे." बरं, आहे.

६ जानेवारी
सु. श्रीगोंद्याला इंग्रजीच्या क्लासला जाते. आज तिथं फाइंड शिकवलं. चंची आपसूक घावली, फाइंड. घरभर हुडकून काढली, तरी फाइंड. कुणाचं गुपित कळलं तर पुढं आउट लावायचं. माणूस भला वाटला, तरी फाइंडच. म्हटलं, "एका लुगड्यात घरच्या साऱ्या बायका नेसवल्या की." सु. हसत बसली. लिही म्हटलं.

८ जानेवारी
माझ्या लेकाने, बाळूने, सु.साठी स्थळ आणलं. मुलगा राहुरीचा, नोकरी पुण्यात. पुढच्या रविवारी बघायला येणार. सु. म्हणाली, "पप्पा म्हणतील तसं." एवढी गरीब गाय ती कधीच नव्हती.

१० जानेवारी
क्लासहून आली की सु.च्या ओढणीला काकवीचा वास. "इंग्रजी गुऱ्हाळात शिकवत्यात का गं?"
पेन थांबला. "वाटेत आहे एक गुऱ्हाळ."
"वाटेत मारुतीबी हाय. शेंदूर न्हाई लागला कधी."
मग निघालं. गुऱ्हाळवाल्याचा मुलगा. नाव नाही सांगितलं. शिकलाय का, विचारलं, तर लगेच, "बी.एस्सी. ॲग्री." याला आउट लावायचं ना?
"आजे, हे नको लिहायला."
"मी कुठं लिहिते? लिहिणारी तू. खोडायचं तर खोड, मला काय वाचता येतंय."

१२ जानेवारी
चंची उशीच्या अभ्र्यात निघाली. गाठ सोडली नाही. जेवताना बाळूच्या नजरेला पडली.
"आये, चंची घावली ना? मंग गाठ कशाला?"
"अजून एक हुडकायचंय."
"काय?"
"माझं न्हाई. ज्याचं हाय ते सांगंल."
सु. भाकरी करत होती. पुढच्या दोन करपल्या. बाळूने करपलेली मुकाट्याने खाल्ली. त्याला काय कळलं, देव जाणे.

१७ जानेवारी, शनिवार
उद्या पाहुणे. पोहे आणून ठेवलेत. सु. सकाळपासून म्हणते, आजे, तूच सांग.
मी सांगितलं तर ते म्हातारीचं खूळ होईल. तुझं तू सांग.
"पप्पा चिडले तर?"
"चिडंल. तो पाळण्यातबी चिडायचा. मी हाय की."
बाळू अंगणात मोटारसायकल पुसतोय. पुसून झालीय, तरी पुसतोय. पदराचं गाठीचं टोक सु.च्या डाव्या हातात दिलंय. ज्याला घावलं त्याने सोडावी. उजव्या हाताने लिहितेय, अक्षर वाकडं आलं म्हणते. येऊ दे. एवढं लिही आणि ऊठ.