उलट्या हिच्या, तोंड माझं

ती. ताईस,

जिन्याच्या आठव्या पायरीवरून शिरसाष्टांग नमस्कार. (पायरी अरुंद आहे, त्यामुळे साष्टांग प्रत्यक्षात घालता आलेला नाही. घातला असं धरून चाल.) तुझी तब्येत कशी आहे, भावजींचा गुडघा काय म्हणतो आणि चिरंजीवांचे पुढचे दात पडले तिथे नवे आले का, हे सवडीने कळव. यापुढे आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण पद्धत गेली खड्ड्यात. आमच्याकडे काहीही क्षेम नाही. फोनवर मी ओरडतो आणि तू फोन बाजूला ठेवून भाजी निवडायला बसतेस हे मला भावजींकडूनच कळलं, म्हणून हे पत्र. पत्राचा आवाज होत नाही. भाजी नंतर निवड.

तुझ्या भावजयीला अकरावा आठवडा चालू आहे. गोड बातमी म्हणून तुला कळवली होती ती हीच. (ही बातमी गोड असते असं कुणी ठरवलं कोण जाणे. गेल्या पाच आठवड्यांत आमच्या घरात गोड, तिखट, आंबट, काहीच कुणाच्या पोटात टिकलेलं नाही.) सकाळी जरा मळमळतं म्हणतात ना, तसलं हे प्रकरण नव्हे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि त्यांच्या मधल्या प्रत्येक वेळी. जेवली तर जेवण पडतं, नाही जेवली तर पाणी पडतं, पाणीही घेतलं नाही तर हिरवट पिवळं काहीतरी पडतं आणि तेही संपलं की नुसतेच उमासे येतात. पलंगापासून बाथरूमपर्यंत नऊ पावलं आहेत. तेवढ्यात ती दोनदा भिंतीला टेकून खाली बसते. आणि या सगळ्यावर आख्ख्या जगाकडे एकच शब्द आहे. 'होतंच.' दुकानाचे मालक म्हणाले होतंच, आमची ही नवव्या महिन्यापर्यंत कपाटं सरकवायची. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या होतंच, आलं चोखायला दे. दिलं. आलंही पडलं. होतंच म्हणणाऱ्या या मंडळींना एकदा एका रांगेत उभं करून प्रत्येकाच्या हातात बादली द्यावी आणि पाच आठवड्यांनी विचारावं, काय, होतंय ना?

आता वासांचं सांगतो, म्हणजे मी जिन्यात का बसलोय ते तुला कळेल. हिला भाताचा वास चालत नाही. साबणाचा चालत नाही. फ्रिज उघडला की आतून जो गार वास येतो (असा वास असतो हे मला या जन्मी ठाऊक नव्हतं) तोही चालत नाही. मी पडलो रंगाच्या दुकानात रंग कालवणारा, अंगाला टर्पेंटाइन. दारात पाऊल टाकलं की बादली. मी दिवसातून तीनदा आंघोळ करायला लागलो, केस बारीक कापले, कपडे दुकानातच बदलून यायला लागलो. काही उपयोग नाही. मग एका रविवारी, दुकान आदल्या दिवसापासून बंद, दोन दिवसांत मी रंगाच्या डब्याला हात लावलेला नाही, स्वच्छ घासूनपुसून हिच्याजवळ गेलो, तर हिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि बादली ओढली. वास टर्पेंटाइनचा नव्हताच, ताई. माझा होता. नंतर ती रडायला लागली, म्हणाली, "तुझा राग नाही रे, तुझा वास येतो." ज्या मुलीच्या मागच्या बाकावर बसता यावं म्हणून मी अर्थशास्त्राला नाव घातलं (कॉलेज मात्र तिच्यासाठी सोडलेलं नाही, ते प्राचार्यांशी भांडून सोडलं, तू सगळ्यांना चुकीचं सांगत फिरतेस), त्या मुलीच्या घरात मला आता थारा नाही. मी आत जातो तो श्वास रोखून. (त्याचा उपयोग शून्य, वास तिला येतो, मला नाही. पण आपणही काहीतरी सोसतोय एवढं समाधान.) बादली बदलतो, पाणी ठेवतो, बाहेर येतो आणि पायरीवर बसून तिला फोन लावतो. मध्ये एक दार आणि आम्ही फोनवर. ती 'हं' म्हणते, मी बोलतो. येणारे-जाणारे भाडेकरू मला वळसा घालून जातात. बायकोने हाकललं असं सगळ्या इमारतीचं मत झालंय. मी खोडत बसत नाही, कारण खरं सांगितलं तर जास्त हसतील.

पहिले डॉक्टर भावजींनी सुचवलेले. भावजींचा मान राखून लिहितो की तो माणूस भावजींचा मित्र नसता तर मी आज तुरुंगातून हे पत्र लिहीत असतो. त्यांनी मान वर केली नाही. हिला खुर्ची दाखवली नाही. कितवा महिना, हे त्यांनी मला विचारलं, जणू मीच पोटुशी आहे. मग "पहिलटकरणींना होतंच, मन रमवा," असं म्हणून एक टॉनिक लिहून दिलं. मी नम्रपणे विचारलं (सुरुवात नम्रच होती), घोटभर पाणी राहत नाही तिथे हे राहणार कसं? म्हणाले, हळूहळू घ्या. मी म्हणालो, तुम्ही एकदा घेऊन दाखवा. एवढ्यात आमचा आवाज वाढला आणि मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलला. मारायला नव्हे. हातात काहीतरी असलं की मला नीट बोलता येतं. कंपाउंडरला ते पटलं नाही. आम्ही बाहेर.

दुसरा दवाखाना बड्या लोकांचा. काचेचं दार, मऊ सोफे आणि भिंतीवर एक यंत्र, ते दर पाच मिनिटांनी फुस्स करून गुलाबाचा वास सोडतं. उलट्या होणाऱ्या बायकांच्या दवाखान्यात गुलाब! पहिल्या फुस्सला ही पांढरी पडली, दुसऱ्याला ओंजळीत ओकली. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं हे बंद करा, तर त्या म्हणाल्या ते ऑटोमॅटिक आहे. मी ते बंद केलं. म्हणजे भिंतीवरून काढलं. ते स्क्रूने बसवलेलं होतं हे मला काढल्यावर कळलं, सोबत वीतभर प्लास्टर आलं तेव्हा. आतून डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, हिच्याकडे पाहिलंच नाही, आणि म्हणाल्या, "घरात असं वातावरण असेल तर बायकोला दुसरं काय होणार? हे सगळं मानसिक आहे." मानसिक! मी म्हणालो, मानसिक असेल तर बादली का भरते? उत्तर द्यायला त्यांनी वॉचमनला बोलावलं.

गेल्या मंगळवारी ही पलंगावरून उठलीच नाही. ओठांना भेगा, डोळे खोल गेलेले, आणि हाक मारली तर उत्तर द्यायला एवढा वेळ की मी तोवर तीनदा हाक मारलेली. आदल्या दुपारपासून लघवीला गेलेली नव्हती आणि मला पत्ता नाही. मी जिन्यात जाऊन बोंब ठोकली. तळमजल्यावरच्या काकू (आल्यावाल्याच, पण त्यांच्याबद्दलचे वरचे शब्द मी मागे घेतो) वर आल्या, हिला एकदा पाहिलं, आलं वगैरे काही बोलल्या नाहीत, गाडी बोलावली आणि म्हणाल्या, सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात ने, बायकांच्या विभागात केसांत पेन खोचलेल्या सिस्टर असतील, त्यांनाच गाठ.

केसांत पेन खोचलेल्या सिस्टर होत्या. दाराएवढ्या रुंद. मी गाडीत सगळं भाषण पाठ केलं होतं, पहिल्या डॉक्टरांपासून गुलाबापर्यंत, ते सुरू केलं. दुसऱ्या वाक्याला त्यांनी हात वर केला.

"काय रे, तुला उलट्या होतायत?"

"नाही."

"मग तू का बोलतोयस? बाहेर बस."

ताई, माझ्या डोक्यात जी तिडीक गेली! पण मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी हिला खांद्याला धरून आत नेलं होतं, मागायच्या आत हिच्या हातात भांडं दिलं होतं आणि दार लावलं होतं. मागून झिजलेल्या चपला घातलेल्या एक डॉक्टरीणबाई आत गेल्या. मी बाकावर बसलो. दाराच्या काचेला पांढरा रंग मारलेला होता (एकच हात, तोही खाली अस्तर न लावता, पोपडे निघणार नाहीत तर काय), त्याला एक फट होती, त्यातून मी पाहिलं. ही बोलत होती. पाच आठवडे 'हं'च्या पुढे न गेलेली माझी बायको तोंड पुसत होती आणि बोलत होती, ओकत होती आणि परत बोलत होती. चाळीस मिनिटं. डॉक्टरीणबाई काही लिहीत नव्हत्या, पंख्याकडे की घड्याळाकडे बघत नव्हत्या. नुसत्या ऐकत होत्या.

मग त्या बाहेर आल्या. म्हणाल्या, सहा किलो वजन गेलंय. लघवीच्या तपासणीत दिसतंय की शरीर उपाशी राहून आपलीच चरबी जाळायला लागलंय. हे नेहमीचं मळमळणं नाही, हा आजार आहे आणि त्याला नाव आहे. (हायपरएमेसिस. मी तळहातावर लिहून घेतलं. आता कुणी मानसिक म्हणू दे, तळहात दाखवतो.) यात तिचा दोष नाही, तुमचाही नाही. गरोदरपणात देता येतात अशी औषधं आहेत, जिभेवर विरघळणारी गोळी आहे, दोन दिवस ठेवून घेऊ, सलाईन लावू, बाळाचे ठोके नीट आहेत. ठोके ऐकून मी जरा खाली बसलो. मग पुन्हा पेटलो आणि विचारलं, औषधं आहेत तर आधीच्या दोघांनी का दिली नाहीत? त्या म्हणाल्या, "त्यांनी विचारायला हवं होतं, हे खरं. पण दोन्हीकडे हिची बोलायची पाळी येण्याआधी तुम्हाला बाहेर काढलं होतं." आणि निघता निघता म्हणाल्या की सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते असं त्यांनी हिला विचारलं, तर त्यांना वाटलं बाळाचं सांगेल. ती म्हणाली, "हा इथेही भांडेल आणि मला पुन्हा तसंच घरी जावं लागेल."

कुणी थोबाडीत मारली असती तर मी उलट मारली असती, ताई. याला उलट काय मारायचं? मी जाऊन सिस्टरना सॉरी म्हणालो. त्या म्हणाल्या, मला कशाला, आणि हळू बोल, पेशंट झोपलेत.

तरीही माझं म्हणणं कायम आहे. माणूस भांडखोर आहे म्हणून त्याच्या बायकोची नाडी बघायची नाही, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? पेपरवेट मी उचलला होता, हिने नाही. त्या पहिल्याने एकदा मान वर केली असती, त्या दुसरीने एकदा भिंतीवरून नजर हलवली असती, तर हे पंधरा दिवस हिने भोगले नसते. हे मी त्यांना कळवणार आहे. लेखी. (हिने अट घातलीय की आधी पत्र तिला दाखवायचं. त्यामुळे ते फार छोटं होणार.)

गुरुवारी घरी आलो. उलट्या थांबलेल्या नाहीत, पण दिवसाला चार-पाच आहेत आणि काल अर्धा टोस्ट राहिला. दर तिसऱ्या दिवशी सलाईनला जायचं. सिस्टरनी चिठ्ठी दिलीय की पाणी टिकलं नाही तर रांगेत न थांबता थेट आत यायचं. आता तिथे गेलो की मी आपण होऊन बाकावर बसतो.

कळावं म्हणून लिहिलं. लोभ आहे की नाही ते तू ठरव.

तुझा धाकटा

ता. क. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढचे सहा-आठ आठवडे घरात कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी मी असून भागणार नाही, कारण मालक रजा देत नाहीत आणि मला वास येतो. आईला तीन जिने चढवत नाहीत. हिच्या माहेरचे लग्नापासून बोलत नाहीत. उरलीस तू. चिरंजीवांना घेऊन ये, मी त्यांना रंग कालवायला शिकवीन.

ता. क. २ हे खरं तर पहिल्या ओळीत लिहायचं होतं, चार कागद फाडले. तुझ्या वेळी तू आमच्याकडे होतीस आणि मी पंधरा वर्षांचा होतो. भावजींकडची माणसं आली तेव्हा मी तांब्या तोंडाशी धरून तुझ्या उलट्यांची नक्कल केली होती. सगळे हसले, आईसुद्धा. तू आत जाऊन कडी लावलीस. 'ताईचं नाटक' हा शब्द मी काढला होता आणि त्यानंतर नऊ दिवस तुला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. सात वर्षांत तू त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. माफ कर असं लिहिणार होतो, पण ते फार स्वस्त वाटतं. नाही आलीस तरी मला काही म्हणायचं तोंड नाही.

ता. क. ३ (अक्षर वेगळं आहे, कारण हे मी लिहितेय.) ताई, नमस्कार. याचं अक्षर पोस्टमनला लागत नाही म्हणून पाकिटावर पत्ता घालायला पत्र माझ्याकडे आलं आणि मी वाचलं. उलट्यांचे आकडे खरे आहेत, भांडणं निम्मी धरावीत. गुलाबाचं यंत्र मात्र त्याने खरंच उपटलं, आणि त्या दिवशी तो मला फार आवडला होता. हे त्याला सांगू नका, दुसरं उपटेल. मला त्या दिवशी दवाखान्यात चाळीस मिनिटं मिळाली. तुम्हाला तुमच्या वेळी कुणी किती दिली? इथे आलात की सगळं पहिल्यापासून सांगा. मी पडूनच असते, मला कुठे जायचं नाही.