निळं कार्ड, पांढरं कार्ड

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज चौदा साक्षीदार. अकरा निळे, तीन पांढरे.

निळं कार्ड म्हणजे देवाला साक्ष ठेवून खरं सांगेन. पांढऱ्यावर देव नाही, नुसतं प्रामाणिकपणे सांगेन. कुठलं हवं ते साक्षीदाराने सांगायचं. मग मी एकेक तुकडा मोठ्याने म्हणायचा आणि त्याने पिंजऱ्यातून मागून म्हणायचा. एकोणीस वर्षं हेच करतोय. कोर्टात मला नावाने कुणी ओळखतच नाही, सगळे शपथवाले म्हणतात.

आज एक प्लंबर होता, वरच्या मजल्यावरच्या गळतीच्या खटल्यात. मी म्हटलं, "देवाला साक्ष ठेवून".  तो मलाच विचारतो, "साहेब, तुम्ही स्वतः मानता का?"

 तोंडातून निघून गेलं – "मी नुसता वाचतो."

"मग मी पण नुसता वाचतो," म्हणाला.

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीश मॅडमनी पेन आपटलं, त्याला पुन्हा पहिल्यापासून शपथ घ्यायला लावली. मलाही पहिल्यापासून म्हणावी लागली. दुसऱ्यांदा म्हणताना कान तापले होते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्लंबर डोक्यातून जात नाही.

सतराव्या वर्षापासून मी देव मानत नाही. घरात, मित्रांत, वर्तमानपत्रातल्या पत्रांत उघड सांगत आलोय. आणि रोज सकाळी साडेदहापासून संध्याकाळपर्यंत देव-देव करतो! लोकांना खरं बोलायला लावायचं, आणि त्याची सुरुवात मीच खोट्याने करायची. एकोणीस वर्षं हे कधी टोचलं नाही याचंच नवल वाटतं.

हिला सांगितलं. ही औषधांच्या दुकानात काउंटरला असते, दिवसभर लोकांची दुखणी ऐकून माझ्या दुखण्याला तिच्याकडे फारसा वेळ उरत नाही. म्हणाली, "अहो, मी रोज पन्नास लोकांना 'बरं वाटेल हं' म्हणते. सगळ्यांना वाटतं का?"

ते वेगळं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

अर्ज लिहिला. तीन वेळा फाडला.

'माझ्या सदसद्विवेकबुद्धीस न पटणारी वाक्ये उच्चारण्यापासून मला सूट मिळावी.' बोलायचं स्वातंत्र्य असतं तसं न बोलायचंही असायला हवं, असं एक वाक्य खाली जोडलं. ते जोडल्यावर छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

अर्ज दिला. हेडक्लार्कने वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. "एवढी वर्षं म्हणालात ते काय मग?" मी म्हटलं, चूक. "रिटायर व्हायला चार वर्षं राहिली आणि आत्ता चूक कळली?" कळायला मुहूर्त लागतो का, म्हटलं. तो म्हणाला, मुहूर्त तुम्ही मानत नाही ना.



सोमवार, १० फेब्रुवारी

मंजूर!

पण कसं मंजूर, ते लिहून ठेवतो. मॅडमनी अर्जावर शेरा मारलाय – 'टायपिस्ट यांना दुपारी देण्यात येणाऱ्या सवलतीच्या धर्तीवर मंजूर.'

टायपिस्ट म्हणजे आमच्या टकटकबाई. बोलतात कमी, मशीनच बोलतं. रोज दुपारी पंधरा मिनिटं रेकॉर्ड रूममध्ये फायलींच्या मागे प्रार्थनेला जाऊन बसतात. दोन वर्षांपूर्वी मी याच्याविरुद्ध पत्र छापून आणलं होतं – कामाच्या वेळेत, कामाच्या जागेत, एकाच्या श्रद्धेसाठी बाकीच्यांनी का थांबायचं? नाव लिहिलं नव्हतं, पण अशी जाणारी एकच. दुसऱ्या दिवशी त्यांनी कात्रण माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "चांगलं लिहिलंय तुम्ही. मला पटलं नाही. पण कात्रण जपून ठेवा, नंतर मिळत नाही." तक्रार केली नाही की अबोला धरला नाही. मला तेव्हा ते जरा आवडलंच नव्हतं – भांडायची तयारी करून बसलो होतो.

आता त्यांच्याच धर्तीवर मी. 'श्रद्धाविषयक सवलती' नावाचं एक रजिस्टर आहे, त्यात पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. हेडक्लार्कने विचारलं, श्रद्धेच्या रकान्यात काय लिहू? म्हटलं, काही नाही. रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणाला. बराच विचार करून त्याने लिहिलं, 'काही नाही (ठाम)'.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

लेकीचा फोन आला. "बाबा, भारी केलंत! पण मग त्या टायपिस्टबाईंना सवलत नको असं तुम्ही लिहिलं होतंत, त्याचं काय?"

"तो वेगळा मुद्दा आहे."

"कसा?"

"फोनवर नाही सांगता येत."

समोर असती तर काय सांगितलं असतं, कोण जाणे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आजपासून नवी पद्धत. पांढरं मी वाचतो. निळं मागितलं की मी कार्ड डावीकडे सरकवायचं, टकटकबाई वाचणार. शिपाई बाहेर पुकारा करत असतो, हेडक्लार्क वरच्या मजल्यावर, म्हणजे आत उरतं कोण, त्याच. मॅडमनी विचारलं, "बाई, चालेल ना?" बाई थोडं थांबून "हो" म्हणाल्या.

मनात म्हटलं, यांना तर आवडीचंच काम मिळालं.

खाली उभं राहून वाचलं त्यांनी. सगळं नीट, स्पष्ट. फक्त 'देव' आला की आवाज खाली जातो. दुसऱ्या साक्षीदाराने तर "काय म्हणालात?" असं विचारलं, तेव्हा परत म्हणावं लागलं. सवय नसेल सभेत बोलायची.

एक गंमत आठवली. एवढी वर्षं शेजारी बसून मी या बाईंच्या तोंडून 'देव' हा शब्द ऐकलाच नव्हता. 'त्यांची इच्छा', 'ते बघतील' असं बोलतात. पहिलं वर्षभर मला वाटायचं यजमानांबद्दल बोलतायत. एकदा विचारलंही, कुठे असतात ते कामाला?

सोमवार, १७ फेब्रुवारी

खाकरे वकिलांनी उचल खाल्ली. दर वाक्याआधी खाकरतात म्हणून हे नाव, मी नाही ठेवलं. आज भर कोर्टात उभे राहिले – शपथ देणारा माणूसच नास्तिक, तेव्हा एकोणीस वर्षांतल्या सगळ्या साक्षी बाद धराव्यात!

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मग तुम्ही जिंकलेले खटलेही गेले, वकीलसाहेब."

ते खाकरले आणि बसले.

मी खाली मान घालून कार्डं जुळवत होतो. हसू येत होतं. टकटकबाई मात्र हसल्या नाहीत. मधल्या सुट्टीत एक कागद टाइप करून वर देऊन आल्या, एवढंच पाहिलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

कचेरीत सह्यांचा कागद फिरतोय. मला शपथेच्या कामावरून काढावं, अशी मागणी. नऊ सह्या झाल्या आहेत. त्यात ज्याच्या मुलीच्या लग्नात मी चार दिवस राबलो तो शिपाईही आहे. विचारलं तर म्हणतो, "तुमच्याविरुद्ध नाही हो, देवाच्या बाजूने आहे."

बाईंच्या टेबलावर कागद आला तेव्हा मी मुद्दाम पाणी प्यायला उठलो. परत आलो तर त्यांनी सहीच्या जागी एक ओळ लिहिली होती – 'कुणी काय मानावं यावर माझी सही चालत नाही.' हेडक्लार्क म्हणतो, कागद खराब केला.

त्यांचे आभार मानायला हवे होते. जमलं नाही. ज्यांच्याविरुद्ध पत्र छापलं त्यांचे आभार कोणत्या तोंडाने मानायचे?

गुरुवार, २० फेब्रुवारी

हे लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

टकटकबाई दुपारी पंधरा मिनिटांऐवजी अर्धा-अर्धा तास बसू लागल्या आहेत. गेला आठवडाभर. आज एक निळा साक्षीदार पिंजऱ्यात ताटकळत उभा, मॅडम घड्याळ बघतायत, सगळे माझ्याकडे बघतायत, आणि माझ्या हातात ते कार्ड. मी वाचू शकत होतो, एका मिनिटाचं काम. पण अर्ज माझा, सही माझी. वाचलं असतं तर खाकरे वकिलांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

संतापलो. हेडक्लार्कला म्हटलं, सवलत पंधरा मिनिटांची आहे ना? बोट दिलं की हात धरायचा, हेच मी पत्रात लिहिलं होतं.

त्याने लिहून घेतलं. लिहून घेईल असं वाटलं नव्हतं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

लेखी आदेश. टायपिस्ट यांनी जाण्यायेण्याची वेळ रजिस्टरमध्ये नोंदवावी, पंधरा मिनिटांवर एक मिनिटही नको. कारणाच्या जागी 'सहकाऱ्याची तक्रार'.

सहकारी किती आहेत शेजारी? एकच.

बाईंनी वाचून सही केली. माझ्याकडे बघितलंही नाही, टाळलंही नाही. "शपथवाले, पंच आहे का तुमच्याकडे?" एवढंच. आदेशाला भोकं पाडून फायलीला लावला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

 

दुपारी जुनी फाईल हवी होती, रेकॉर्ड रूममध्ये गेलो. त्या आत आहेत हे माहीत होतं. खरं तर म्हणूनच गेलो, पंधरा मिनिटं होतात का बघायला. इतका हलका झालोय मी.

बाई स्टुलावर बसलेल्या. मांडीवर एक चिठ्ठी, तिच्यावर पेन्सिलीने ओढलेल्या उभ्या रेघा. डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचं, डोळे उघडायचे, एक रेघ खोडायची. परत डोळे मिटायचे. मी फाईल शोधायचं नाटक करत राहिलो. घड्याळ बघून त्या उठल्या तेव्हा सहा रेघा खोडायच्या राहिल्या होत्या. चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली.

विचारलं, हे काय?

आधी सांगेनात. मग सांगितलं, रोजच्या आवाजात, कुणाचा पत्ता सांगावा तसं. त्यांच्या पंथात 'त्यांचं', म्हणजे देवाचं, नाव असं घ्यायचं नसतं. प्रार्थनेत तेवढं घ्यायचं, एरवी नाही. खटल्यासाठी, भाडेकरूच्या भांडणासाठी, गळक्या नळासाठी तर नाहीच. घेतलं तर प्रत्येक वेळेची वेगळी माफी मागायची. "आज सकाळपासून बारा झाले. पंधरा मिनिटांत सहाच होतात. उरलेले घरी नेते."

 म्हटलं, "मग 'हो' का म्हणालात? मॅडमना सांगायचं होतं!"

"तुम्हाला ते बोलायचं नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तर तुमचा अर्ज तिथेच पडला असता."

"पण मी मानतच नाही! माझ्या दृष्टीने तो नुसता शब्द आहे."

"हो ना," बाई म्हणाल्या. "मला तेच कळत नव्हतं. नुसता शब्द असेल तर तुम्हाला एवढा जड का जातो? पण जात असेल. माझं तुम्हाला कळत नाही, तुमचं मला कळत नाही. म्हणून विचारलं नाही."

आणि पंधरा मिनिटं व्हायच्या आत बाहेर. रजिस्टरमध्ये वेळ लिहिली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

हिला सगळं सांगितलं. तक्रारीचंही.  ही म्हणाली, "तुम्ही चुकीचे नव्हतात हो. पण वागलात वाईट."

दोन्ही एकदम कसं असू शकतं?

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सकाळपासून स्वतःशी वाद घालतोय.

अर्ज मागे घेतला तर मी ढोंगी ठरतो, खाकरे वकील म्हणणार बघा, आला ठिकाणावर. नाही घेतला तर माझ्या खरेपणाची किंमत बाईंनी फेडायची, रोज दहा-बारा रेघांनी. साक्षीदाराने स्वतःच वाचावं असंही सुचवून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, नियमात नाही, आणि निम्म्यांना वाचता येत नाही.

दुपारच्या सवलतीविरुद्धचं माझं मत अजून तेच आहे का? आहे, असं वाटतं. नाहीही. जुनं कात्रण काढून वाचलं. चांगलं लिहिलंय. पटलं नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

अर्ज मागे. तक्रारही मागे. हेडक्लार्कने रजिस्टरमधलं माझं नाव पट्टी ठेवून खोडलं. 'काही नाही (ठाम)' तेवढं चुकून राहिलं.

बाईंना सांगितलं, सोमवारपासून निळं मी वाचणार. त्या मशीनवरून हात काढून माझ्याकडे बघत राहिल्या. "कशाला केलंत?" म्हणाल्या. अजून काही बोलतील असं वाटलं. पण परत टकटक सुरू.

पंधरा दिवसांत आज पहिल्यांदा जेवण गेलं.

सोमवार, ३ मार्च

टकटकबाई नाहीत. बदली झाली, नदीपलीकडच्या कोर्टात. शुक्रवारी संध्याकाळीच मोकळ्या झाल्या. त्यांचा अर्ज हेडक्लार्कने दाखवला. तारीख १७ फेब्रुवारी, म्हणजे मधल्या सुट्टीत वर दिला तोच कागद, माझ्या तक्रारीच्याही आधीचा. कारण – 'कौटुंबिक'.

त्यांच्या जागी नवा टायपिस्ट आलाय. मॅडम म्हणाल्या, आता तुम्हाला तुमचा अर्ज पुन्हा देता येईल, हे वाचतील. नवा माणूस लगेच "हो" म्हणाला.

कार्ड मीच उचललं. पहिलाच साक्षीदार निळा. मी वाचायला लागलो, तो शब्द आला, आणि माझा आवाज खाली गेला. साक्षीदार म्हणाला, "काय म्हणालात?"

मी परत म्हटलं. मग खाली बसून चिठ्ठीवर एक रेघ ओढली. तिचं काय करायचं असतं, ते मला माहीत नाही.