अनामतीचा हंडा

मांडवी, रत्नागिरी
ता. १६ जानेवारी १९३१

चि. सौ. सगुणेस हरिश्चंद्रदादाचे अ. उ. आ.

तुझा तिळगूळ पोचला. लाडू असे काही जमलेत की तुझ्या वहिनीने माझ्या दाढेची कीव येऊन ते पाट्यावर फोडून दिले.

आता मोठी बातमी. तुझा दादा कोर्टात उभा राहणार. आपल्या मागच्या परड्यातल्या खोलीत राहणारी तुळसा आठवते ना, जिचा नवरा बोटीवर खलाशी आहे? ती दिवाळीनंतर खोली सोडून गेली. राहायला आली तेव्हा अनामत द्यायला रोकड नव्हती, म्हणून तिच्या आईकडून आलेला तांब्याचा हंडा माझ्याकडे ठेवला होता. वैशाखात तिच्या लेकीचं, काशीचं लग्न आहे. आजीचा हंडा नातीच्या आंदणात द्यायचा, म्हणून ती तो मागते. मी म्हटलं, आधी चुलीमागची भिंत बघ, कोळसा केला आहेस तिचा. ती पांढरी करून दे आणि हंडा ने. तर बाईने सरळ दावा लावला! मी वकील करणार नाही. इतकी वर्षं कोर्टाच्या ओटीवर बसून खटले ऐकतो, ते काय माश्या मारायला?

घरच्या सर्वांना आशीर्वाद. लिहीत जा, नाहीतर तुझ्यावरही दावा लावीन.

तुझा दादा


गुहागर, ता. २७ जानेवारी

तीर्थरूप दादास सगुणेचे शि. सा. न. वि. वि.

लाडवांचं काढलंस, आता पुढच्या वर्षी नुसते तीळ पाठवीन.

अरे, चूल पेटली की भिंत काळी होणारच. तुळसाने भात काय उन्हात शिजवायचा होता? कचेरीत इकडून इतकी वर्षं कारकुनी झालेली, म्हणून विचारून पाहिलं. सांगणं झालं की अनामत मालकाच्या घरात असली तरी ती भाडेकऱ्याचीच, मालकाने नुसती सांभाळायची. नासधूस झाली असं म्हणणं असेल तर ती मालकाने दाखवून द्यायची. रोजच्या वागण्याने जे झिजतं, काळवंडतं, ते कोर्ट भाडेकऱ्याच्या माथी मारत नाही.

मला कायदा कळत नाही, पण लेकीच्या लग्नात आजीचा हंडा नसला तर तुळसाला काय वाटेल ते कळतं. देऊन टाक ना रे. तुझ्या हट्टाला आई पुरली नाही, मुन्सफ कुठून पुरणार?

वहिनीला नमस्कार. राग आला तरी माया पातळ करू नये.

तुझी सगुणा


मांडवी, ता. ९ एप्रिल

चि. सौ. सगुणेस अ. उ. आ.

हरलो. आधी हसून घे, मग पुढे वाच.

भिंतीचं मी असं वर्णन केलं की मुन्सफसाहेब मान डोलवू लागले. मनात म्हटलं, मारली बाजी. तेवढ्यात साहेबांनी हंडा हजर करायला सांगितला. मी घाईने घरी सांगावा धाडला, आणि तुझ्या वहिनीने तो न्हाणीतल्या चुलीवरून उतरवून तसाच पाठवला. अगो, तांबं नुसतं पडून राहिलं की कळंकतं, म्हणून मीच तो पाणी तापवायला काढला होता. बुडाला बोटभर काजळी आणि काठाला पोचा. तुळसाने पदर डोळ्यांना लावला. साहेबांनी विचारलं, ही काय दशा. मी ताठ उभा राहून सांगितलं की चुलीवर चढलं की काळं होणारच, त्याला कोण काय करणार.

सगळं कोर्ट हसलं. साहेबांनी माझं बोलणं लिहून घेतलं आणि म्हणाले की मग भिंतीलाही हाच न्याय. स्वयंपाकाला दिलेल्या खोलीत धूर झाला तर ती नासधूस नव्हे. उलट हंडा जपायला दिला होता, वापरायला नव्हे, तेव्हा मालकाने तो घेतला तसा करून लग्नाआधी परत द्यावा.

वकील केला असता तर निदान खापर फोडायला एक डोकं मिळालं असतं.

पडेल चेहऱ्याच्या दादाला विसरू नको.

हरिश्चंद्र


गुहागर, ता. १७ एप्रिल

तीर्थरूप दादास शि. सा. न. वि. वि.

काल आमचा भात करपला. इकडून शांतपणे म्हणणं झालं की चुलीवर चढलं की काळं होणारच. तुझी कीर्ती अशी घरोघर पोचली आहे.

आता ऐक. हंडा गड्याच्या डोक्यावर पाठवू नको, स्वतः ने. घासायला वहिनीला बसवू नको. आणि तुळसा चार शब्द बोलली तर खाली मान घालून ऐक. तुझ्या भाषणाहून ते नक्कीच थोडे असतील.

तुझी, तुला हसायचा हक्क असलेली,
सगुणा


मांडवी, ता. २५ एप्रिल

चि. सौ. सगुणेस अ. उ. आ.

चिंच आणि राख घेऊन हंडा मीच घासला. नखांत अजून काळं आहे. तांबटाने पोचा काढून दिला. मग खांद्यावर घेऊन तुळसाकडे गेलो. तिने तो उन्हात फिरवून पाहिला, आत डोकावली, बोटाने वाजवला. चार शब्द नाहीत, एवढंच म्हणाली की लख्ख झालाय.

मला वाटलं, सुटलो. तर म्हणते कशी, की दादा, इथे एवढीशी जागा, आजपासून पाहुणे येऊन पडायचे, पोरं यात म्हावरं धुतील नि मासळीचा वास बसेल. लग्नाच्या दिवशी तुम्हीच मांडवात आणून ठेवा, तोवर तुमच्याकडे राहू दे. मी विचारलं, माझ्याकडे? त्यावर म्हणाली की मुन्सफाने एवढं सुनावल्यावर तुमच्याइतका जपणारा माणूस साऱ्या मांडवीत मिळायचा नाही. चिठी मागितली नाही की साक्षीदार.

त्याच खांद्यावरून परत आणला. माझ्या नव्या धोतरात गुंडाळून देवघरात ठेवलाय. तुझ्या वहिनीलाही हात लावू देत नाही. ती बिचारी लहानशा टोपात पाणी तापवते आणि माझी पाळी येईतो दुपार होते.

तुळसाने तुलाही अगत्याने बोलावलं आहे. लग्नाला नक्की ये. फक्त आंघोळ गुहागरला करून नीघ.

तुझा दादा