भैरोबाचा डावा कौल

पुणे, १२ जानेवारी २०२५

ती. रंभाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या अमोलकडून कळलं, की मोतीबिंदूच्या ऑपरेशनासाठी तू भैरोबाला कौल लावलास, डावं फूल आधी पडलं आणि देवाचा नकार म्हणून डॉक्टरांना ‘नाही’ असं कळवून मोकळी झालीस. परवा चहात मीठ घातलंस म्हणे! आधी हसू आलं, मग भीतीच वाटली. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

माझा ज्यू तत्त्वज्ञानाचा अभ्यास म्हणजे तुला परक्या देवाच्या चौकश्या वाटतात. पण आठशे वर्षांपूर्वी ज्यू पंडितांनाही हाच पेच पडला होता: धर्मग्रंथ एक सांगतो, बुद्धी दुसरं, ऐकायचं कुणाचं? त्यांतला एक वैद्य होता. तो म्हणे, बुद्धीही देवाचीच देणगी. दोघांत भांडण दिसलं, तर आपलंच समजण्यात चुकलं असेल. पुन्हा नीट बघावं. तूही बघ ना.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी शुभांगी

माण, २० जानेवारी

चि. शुभांगीस, पोटभर आशीर्वाद.

एका डोळ्यानं लिहितेय, तोही अंधुकच, ओळी डोंगर चढल्या तर हसू नकोस. तुझा वैद्य देव मानणारा निघाला, म्हणून ऐकलं. देवळात पुन्हा गेले, चाचपून पाहिलं, तर गावातल्या भाडेकरूंनी देवळाला दिलेला नवा पंखा नेमका डाव्या फुलावर वारा घालत होता! गेणबा गुरव चिडला, देवावर संशय घेती काय म्हणाला. मी सांगितलं, देवावर न्हाई, पंख्यावर हाय.

पंखा बंद करून फुलं लावली. आरती झाली, तरी दोन्ही जागची हलेनात. गेणबा म्हणाला, देव रुसला. मला वाटलं, देव म्हणतोय, डोकं दिलंय ना, तुझं तू ठरव. शुक्रवारी ऑपरेशन आहे. लई भ्या वाटतंय, तू ये.

वाट बघणारी,
आत्या

माण, २ फेब्रुवारी

चि. शुभांगीस, आशीर्वाद.

तू परत गेलीस आणि घर सुनं झालं. आज डॉक्टरांनी फिरायची मोकळीक दिली. अमोलला गाडी थेट देवळाकडं घ्यायला लावली.

दवाखान्यात तू सांगत होतीस, त्या वैद्याच्या देवाला ना हात, ना डोळे. असेल बाई, तो शहाणा माणूस. माझ्या भैरोबाला शेंदरात चांदीचे डोळे आहेत. दोन वर्षं तिथं नुसता तांबडा ढीग दिसायचा. आज दोन्ही डोळे लख्ख दिसले आणि मी लहान पोरीसारखी रडले.

गेणबा घाबरला, काय मागणं हाय म्हणाला. मी सांगितलं, मागाय न्हाई आले, त्याला माझा डोळा दाखवाय आले.

माया अशीच ठेव.
तुझी आत्या