शांताक्काच्या कोपीतले पांडव

शांताक्का, पाया पडते ते मागनं, आधी हे ऐका. तुमच्या पुतणीनं माझा जीव खाल्लाय. बी.ए.च्या परीक्षेला त्यांना एक जुनं नाटक लावलंय, परदेशातलं, राजाराणीचं, शेवटाला सगळी मरत्यात असलं. आन आमची नंदी ते घोकायली कुठं, तर माझ्या चुलीपुढं. म्या भाकरी थापायला बसले की ही डोक्यावर उभी. "आई, महत्त्वाकांक्षा मंजी काय सांग." म्या चौथी शिकलेली बाई. म्हणलं, आधी तव्यावरली भाकरी उलट, मग सांगते. भाकरी जळाली. पंधरा दिस झाले, घरात एक भाकर धड न्हाय, आन हे मुकाट खायलेत. त्याचाच मला जास्त राग यायलाय.

बाकी आमी बरे. भाऊजींचा गुडघा कसाय? पुण्यात लिफ्ट हाय म्हणून चालणं सोडू नका म्हणावं. कृष्णराजला आन सुनंला आशीर्वाद. (सून लई गुणाची, पण तिनं दिलेल्या बिनसाखरेच्या बिस्किटांना जनावर बी तोंड लावंना, हे तिला सांगू नका.) फोन का न्हाय केला म्हणाल. फोनवर तुमी मधीच "जाऊ दे गं सारजा" म्हणता आन माझं सांगायचं ऱ्हाऊन जातं. कागद मधी बोलत न्हाय.

तर ते नाटक. एक सरदार असतो, बरा माणूस, आमच्या ह्यांच्यासारखा, बायकूला विचारल्याबिगर पाणी बी न पिणारा. बायकू त्याच्या मागं लागती की तुमी राजा व्हा. राजा हाय की आधीच, म्हातारा, भला, आन त्याच दिशी सरदाराच्या घरी पावणा आलेला. तर ही बया त्याला पोटभर जेवू घालती आन मग नवऱ्याच्या हातात कट्यार देती. अक्का, जेवू घालून! म्या नंदीला म्हणलं, मारायचंच होतं तर एवढा सैपाक कशाला केला? आन म्हाताऱ्यासाठी दोन वरसं दम धरला असता तर काय बिघडलं असतं? नंदी म्हणाली, "असं लिहिलं तर मार्क देत न्हाईत."

मग ते दोघं सिंहासनावर बसतात, आन तिथनंच त्यांची वाट लागती. ती बया दरबारात आली की दोन्ही हात पदराखाली घेती (त्यांच्यात पदर कुठला, झगा असंल). कुणी नुसतं बघितलं तरी अंगावर जाती, काय बघतोस म्हणून. मास्तरांनी लिहून दिलंय, ह्याला अपराधीपणा म्हणतात, धा मार्काला हमखास येतो. नंदीनं विचारलं, "आई, तिनं हात का झाकले असतील गं?" आन अक्का, माझ्या हातातला पिठाचा गोळा तसाच परातीत पडला.

आता खरं लिहिते. गेल्या येळवशीच्या अमावस्येला तुमच्या कोपीतले पांडव, पूजेचे ते पाच दगड, म्या उचलले. माकडांनी न्हाय, ऊसतोडवाल्यांच्या लेकरांनी न्हाय, भाऊजींनी चारचौघांत ज्याचा उद्धार केला त्या ट्रॅक्टरवाल्या गुंडाप्पानं बी न्हाय. म्या.

लग्न होऊन तुमची जाऊ झाल्यापास्नं चोवीस वरसं बघते. रान वाटून झालं, मधी बांध पडला, पण येळवस आली की रानपूजेची कडब्याची कोप तुमच्याच रानात, त्या पाच दगडांची पूजा तुमच्याच हातानं, आंबील तुमच्याच हातची. आन गाव जेवून ढेकर देत जाणार, शांताक्काच्या कोपीवर जेवलो म्हणून. भज्जीच्या भाजीसाठी तुरीच्या शेंगा सोलून बोटं कुणाची काळी? माझी. नाव कुणाचं? तुमचं. म्या ह्यांच्या मागं लागले, आपली कोप निराळी करा. हे म्हणाले, "करू की, पण पांडव कुठनं आणायचे? ते आज्यापास्नं तिकडंच हायत." एवढं बोलून हे कडबा आणायला गेले, आन म्या पाटी घेऊन तुमच्या रानात. भर दुपारी. पाच बी दगड पाटीत घातले, वरनं हरभऱ्याची भाजी टाकली. ओळखू येऊ न्हाईत म्हणून नव्यानं चुना फासला, नुसत्या हातानं, घाईत. हे म्हणाले, कुठले दगड? म्हणलं, ओढ्यातले. ह्यांनी हात जोडले.

दुसऱ्या दिशी तुमी येऊन बघता तर जागा रिकामी. भाऊजींनी रान डोक्यावर घेतलं. तुमी काय केलं? बांधावरले पाच दगड उचलले, धुतले आन बसलाव पूजेला. आन गाव सगळं तुमच्याकडंच. माझ्या कोपीत खरे पांडव, दोन पातेली भज्जी, हे, म्या आन शेजारच्या रुद्रम्माचं कुत्रं. ते बी हुंगून तुमच्याकडं गेलं. राज्य मिळालं होतं अक्का, रयत न्हवती. भज्जी आमी तीन दिस खाल्ली.

दिस कलताना तुमी आंबिलीचा तांब्या घेऊन बांध वलांडून आलाव. माझ्या पांडवांच्या पाया पडलाव. भीमाचा कोपरा फुटलेला हाय, त्यावर तुमी लई वेळ हात ठिवला. मग माझ्याकडं बघितलं. म्या हात पदराखाली घेतले, तर तुमी ते ओढूनच काढले. "चुन्यानं किती उललेत गं," म्हणालाव, आन दिव्यातलं तेल बोटानं घेऊन एकेका भेगेत लावत बसलाव. म्या खेकसले, काय बघायलाव? तुमी म्हणालाव, "जाऊ दे गं सारजा."

तवा मनातनं गेलं न्हाय ते. आन दिवाळीला गाडीत बसताना तुमी म्हणालाव, "कोपीत पांडवच ऱ्हायले न्हाईत, येळवशीला यायचं कशाला?" भाऊजी तर रान बटईनं, निम्म्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला द्यायचं म्हणायलेत. नंदीच्या वहीत ह्याला अधःपतन म्हणलंय. माझ्यामुळं तुमचं रान सुनं पडणार, आन म्या बांधावर उभी ऱ्हाऊन बघणार, हे माझ्यानं व्हायचं न्हाय.

नंदीला म्या माझं उत्तर सांगितलं. त्या सरदाराच्या बायकूला एक जाऊ पायजे होती. वाड्यात एवढे शिपाई, पण "दाखव बघू हात" म्हणणारं कुणी न्हाय, म्हणून ती शेवटाला बुरुजावरनं उडी टाकून गेली. नंदी म्हणाली, मास्तर काट मारतील. मारू दे.

माफ करा म्हणायला जीभ वळंना, म्हणून लिहिलं.

तुमची,
सारजा

ता.क. : ह्यांना ह्यातलं काय म्हाईत न्हाय. ओढ्यातले दगड लई पावले म्हणून हे भाच्यासाठी आजून पाच आणायला गेलते. सांगू नका.

ता.क. : गुंडाप्पाला घरी बोलावून जेवू घातलं. (जेवू घालून नुसतं खरं सांगितलं.) तो माफी भाऊजींच्या तोंडनं ऐकायची म्हणतोय, तवा त्यांना आणावंच लागंल.

ता.क. : चार पांडव काल तुमच्या रानात जागच्या जागी नेऊन ठिवले. भीम माझ्यापाशी हाय. तो टपालानं येणार न्हाय, कृष्णराजच्या गाडीतनं बी जाणार न्हाय. रानात येऊन माझ्या हातनं घ्यायचा. येळवस अमावस्येला. येताव का न्हाय ते एकादशीच्या आत कळवा. कडबा काढून ठिवलाय, कोप यंदा एकच बांधायची हाय, आन तुमी न्हाय म्हणालाव तर ती बी बांधायची न्हाय. एकादशी मंजी एकादशी. आन "जाऊ दे गं" हे उत्तर चालणार न्हाय.