सात वारांचे उपवास आणि एक दाढ

तीर्थपुरी,
मंगळवार

तीर्थस्वरूप भुजंगराव यांस,
राधाकिसनचा नमस्कार. वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला असेल, तुमच्या म्हशीने लाथ मारणं सोडलं असेल आणि जाफराबादकडे कपाशी बरी असेल, असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल, उजवीकडची खालची दाढ सोडून. फोन का नाही केला, म्हणाल, तर मी मौन धरलं आहे. हसू नका, पुढे वाचा.

महिन्यामागे दाढ ठणकायला लागली. लवंग झाली, तुरटी झाली, कुणीतरी सांगितलेला रुईचा चीकही झाला (दाढ होती तिथेच राहिली, जीभ मात्र सोलून निघाली). शेवटी तुमच्या बहिणीने जीपमध्ये घालून अंबडला दाताच्या डॉक्टरकडे नेलं. भुजंगराव, मी लांडग्यामागे काठी घेऊन धावलेला माणूस, हे तुम्ही जाणता. पण त्या डॉक्टरीणबाईंनी (वय सव्वीस असेल, हात एवढे एवढेसे) चिमटा उचलला आणि माझे पाय आपोआप खुर्चीवरून खाली आले. बाई म्हणाल्या, "काका, जेवून आलात ना? उपाशीपोटी मी दाढ काढत नसते." मला देवच भेटला. म्हणालो, "आज सोमवार, मला उपास हाय." निघताना दुधात कुस्करून तीन भाकरी खाल्ल्या होत्या, पण तुमची बहीण इंद्रायणी बाहेर बाकावर होती म्हणून निभावलं. तिला सांगितलं, उपवासाचा संकल्प येताना जीपमध्येच केला.

एकदा खोटं बोललं की त्याला खाऊ घालावं लागतं. इथे तर उपाशी ठेवावं लागलं. पुन्हा अंबडला जायची गोष्ट निघाली की मी नवा वार धरायचो. मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. बुधवार मोकळा राहिला होता, तो पांडुरंगाला देऊन टाकला. मग गाल सुजला, बोलवेना, म्हणून मौन. आमच्या भजनी मंडळाचे काकासाहेब घरी येऊन हात जोडून म्हणाले, "राधाकिसनभाऊ, तोंडावर काय तेज चढून राह्यलंय तुमच्या!" (तेज एकाच गालावर होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.) तेव्हापासून बाया लेकरांना पाया पडायला आणतात. मी मान हलवतो, कळ मस्तकात जाते, डोळ्यांतून पाणी येतं. बाया म्हणतात, किती भाव आहे बघा.

इथवर चाललं असतं. पण आठ दिवसांपासून इंद्रायणीनेही माझ्याबरोबर सातही वार धरलेत. म्हणते, "तुम्ही उपाशी आन् मी कशी जेवू?" भुजंगराव, माझ्या भित्रेपणापायी ती बाई उपाशी आहे. मला लाज वाटते, घास उतरत नाही (तसाही उतरत नाही, पण हा वेगळा). येत्या सोमवारी दाढ काढायची, असं ठरवलं आहे. तुमची प्रकृती सांभाळा. लेकरांना आशीर्वाद.

आपला,
राधाकिसन

ता.क. रविवारीच या. तिला खरं काय ते तुम्ही सांगा, मला ते तोंड नाही. आणि सोमवारी खुर्चीजवळ उभं राहून माझा हात धरा. हे कुणाला बोलू नका.

ता.क. २. बाहेर पडलो की लोक पाया पडतात, म्हणून पत्र पेटीत टाकायला इंद्रायणीकडे देतो आहे. ती दुसऱ्याचं पत्र कधी उघडत नाही.

दादा, नमस्कार. पाकीट उघडलं, रागावू नको. मला पहिल्याच सोमवारी कळलं होतं, तीन भाकरी वाढणारी मीच. मी एक दिवसबी उपाशी न्हाई, शेजारी मीनाकडे रोज पोटभर जेवून येते. वाटलं, बायको उपाशी बघून तरी हे खुर्चीत बसतील. पण काल ह्यांच्या अंगात ताप होता, आता सोमवारपर्यंत मला दम न्हाई. आज भगरीची पेज म्हणून ज्वारीच्या कण्या पाजल्या, दोन वाट्या. उपास मोडला, पोट भरलं, जीप दारात उभी आहे. तू मुद्दाम धावत येऊ नको. हात धरायला मी हाये.