लपवलेला शिंपी

सोमवार, ३ मार्च
नोकरी लागली! खोलीही मिळाली, दुसऱ्या मजल्यावर, हवेशीर. घरमालकीणबाई बोलघेवड्या, किल्ली हातात देता देता अर्ध्या गल्लीची कुंडली मांडून मोकळ्या झाल्या. ऑफिसात प्रमुख बाईंनी काम समजावलं. गल्लीतली दोनशे माणसं एका ॲपवर लिहितात. त्यांतल्या एकाच्या पोस्ट आम्ही काही दिवस बाकीच्यांपासून लपवायच्या. मग तो कसा वागतो, लोक कसे वागतात, ते मी वाचून नोंदवायचं. त्याला उत्तर द्यायचं नाही. संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या आहेत म्हणे, अर्थात न वाचता केलेल्या. माझ्या वाट्याला कोपऱ्यावरचा शिंपी आलाय.

शुक्रवार, ७ मार्च
शिंपी भारी विनोदी. आज लिहिलं, "गिऱ्हाईक माप देताना पोट आत घेतं आणि पँट घट्ट झाली की मलाच फाडून खातं." मी एकटीच खुदकन हसले. एरवी त्याला चाळीस-पन्नास लाइक असायचे, आज शून्य. दुपारी त्याने तेच पुन्हा टाकलं. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, बिचाऱ्याच्या पोटावर कशाला पाय देतेस? मी म्हटलं, त्याच्या शिलाईला कोण हात लावतंय!

शनिवार, १५ मार्च
दुकानावरून आले. आत मशीन चालू, गिऱ्हाईक एकही नाही. घरमालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, शिंपी ना, तो गेला असणार कुठेतरी, किती दिवसांत काही टाकलं नाही त्याने.
त्यांच्या खिडकीतून दुकान समोर दिसतं.

बुधवार, १९ मार्च
प्रमुख बाईंना म्हटलं, पुरे झालं, आता त्याच्या पोस्ट सगळ्यांना दाखवा. त्या म्हणाल्या, आठवडा झाला दाखवून. लोकांची सवय मोडली, इतकंच. आणि चष्मा पुसत बसल्या.
मला ते खरं वाटत नाही. खोटंही वाटत नाही.

शुक्रवार, २१ मार्च
पोस्टखाली किती जणांनी वाचलं तो आकडा येतो. माझ्या लक्षातच नव्हतं. त्याने लिहिलंय, "रोज सकाळी दहाला एक जण वाचतं. तुमच्यासाठी ड्रेस शिवायला घेतलाय."

रविवार, २३ मार्च
"खांदा चौदा. बाही एकवीस. कंबर अठ्ठावीस."
टेप घेऊन मोजलं. तंतोतंत. मी त्याला माप कधीच — मग मी कोण ते कुणी सांगितलं? प्रमुख बाईंनी?
ताई फोन उचलत नाही. कालही नाही.

मंगळवार, २५ मार्च
ॲप उघडायचं नाही ठरवलं होतं. दहा वाजले आणि हात आपोआप —
"झाला. घालून बघायला हवा. येतो."

दुपार
जिन्यात पावलं. दार किलकिलं करून पाहिलं. तोच. हातावर निळा ड्रेस, गळ्यात टेप. घरमालकीणबाई उतरत होत्या. त्याला घासून गेल्या, मान वळवली नाही. मी जिवाच्या आकांताने हाक मारली. त्या थांबल्या. वर पाहिलं, सरळ माझ्याकडे — आणि पुटपुटल्या, मुलगी न सांगताच खोली सोडून गेली वाटतं.

कडी लावलीय. तो ठोठावत नाही. हळू आवाजात म्हणतोय, मला दिसता की तुम्ही. उघडा. खांद्यात जरा सैल वाटला तर लगेच —